त्वचेतील शिबंदी : कोड पुन्हा त्याच जागी का येते?

कोडाचा डाग औषधाने भरून आला, त्वचेचा मूळ वर्ण परतला, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि औषध थांबवून वर्ष उलटते न उलटते तोच नेमक्या त्याच जागी, पुष्कळदा जुन्याच कडांनिशी, पांढुरकेपणा पुन्हा उमटू लागला, अशी हकीकत सांगणारी माणसे शोधायला आमच्या नगरच्या सावेडीत लांब जावे लागत नाही. जगभरच्या गणनांप्रमाणे दर दोनशे माणसांमागे एकाला किंवा दोघांना हा विकार असतो, आणि त्या हिशेबाने गुलमोहर रोडपासून भिस्तबागेपर्यंतच्या दाट वस्तीत तो सोसणारी कुटुंबे पुष्कळच असणार. त्या कुटुंबांचा प्रश्न साधा आहे: गेलेले दुखणे परतले, ते त्याच ठिकाणी का? घरात याचे उत्तर ठरलेले असते. पथ्य मोडले असेल, दुधावर मासे खाल्ले असतील, आंबट सुटले नसेल. शास्त्राचे उत्तर निराळे आहे; ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आकाराला आले असून अद्याप पुरते झालेले नाही. त्या उत्तराचा आजवरचा तपशील, त्यातील पक्ष-प्रतिपक्ष आणि उरलेल्या शंका एकत्र मांडण्याचे काम संपादकांनी मजवर सोपविले आहे.

नाव आणि दोषारोप

‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दावरून आलेला आहे, आणि रोग्याचे अर्धे नुकसान या व्युत्पत्तीनेच केले आहे, असे मला वाटते. ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कुष्ठरोगाचे भय उभे राहते. वस्तुतः कुष्ठरोग हा ज्या जंतूमुळे होतो तो हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ साली दाखवून दिला, तर कोडात जंतू नाही, संसर्ग नाही, डागाची संवेदनाही जात नाही. त्वचेला रंग देणाऱ्या रंजकपेशी तेवढ्या त्या जागेवरून नाहीशा होतात. आपल्या प्राचीनांना हा विकार चांगला ठाऊक होता. अथर्ववेदात किलास, म्हणजे कोड, घालविण्यासाठी काळ्या वनस्पतीची प्रार्थना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठाच्या अध्यायाअखेर श्वित्राचा, म्हणजे कोडाचाच, विचार आला आहे. पण त्याच ठिकाणी कारणांच्या यादीत विरुद्ध अन्नाबरोबर असत्य भाषण, कृतघ्नता, देवांची निंदा, गुरूंचा अवमान आणि पूर्वजन्मीचे कर्म यांचीही गणना झाली. ज्या काळी पेशी दिसत नव्हत्या त्या काळी कारणमीमांसेने नीतीचा आश्रय घ्यावा, हे समजण्यासारखे आहे; मात्र त्या यादीचे ओझे आजही विशी-पंचविशीतल्या मुलीच्या स्थळाच्या बोलणीत तिच्या आईबापांना उचलावे लागते, याचे मला मनापासून दुःख होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ सालच्या चित्रपटाने हा विषय मराठी घरांत उघडपणे आणला, आणि पुण्याची श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांना एकत्र आणण्याचे काम करीत आली आहे. रोग परतला की दोष कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

त्वचेचे कायम रहिवासी

त्वचेत रक्षकपेशी कायम वास्तव्य करून असतात, ही कल्पना रुजायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. १८६८ साली बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या, विशीतल्या पाउल लांगरहान्स याने सुवर्णक्षाराने रंगविलेल्या मानवी त्वचेच्या छेदात फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असा समज करून घेतला. पुढील पिढ्यांना त्या झिजून निकामी झालेल्या, वरच्या थराकडे ढकलल्या गेलेल्या रंजकपेशी वाटल्या. या दुसऱ्या मताची परीक्षा ज्या त्वचेवर झाली ती कोडाची त्वचा होती, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे. लांगरहान्स पेशी जर रंजकपेशींपासूनच होत असतील, तर रंजकपेशी उरलेल्या नाहीत त्या पांढऱ्या डागात त्याही नसाव्यात. परंतु बर्बेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोडाचे डाग तपासले तेव्हा लांगरहान्स पेशी तेथे हजर होत्या, इतकेच नव्हे तर त्यांच्या पोटात विशिष्ट आकाराचे कण होते, जे रंजकपेशींत कधीच आढळत नाहीत. दोन्ही कुळे वेगळी ठरली. पुढे या पेशी परक्या द्रव्यांची ओळख पटवून ती लसीकापेशींपुढे सादर करणाऱ्या पहारेकरी आहेत, हे सिद्ध झाले.

त्या पहारेकरी कायमच्या आहेत की रक्तातून येऊन-जाऊन असतात, याचा पुरावा पुढे एका विलक्षण प्रसंगाने मिळाला. १९९८ साली फ्रान्समधील लियों येथे एका मनुष्याला दुसऱ्याचा हात जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. अशा हातांच्या त्वचेची वर्षानुवर्षे तपासणी करता असे दिसून आले की तिच्यातील लांगरहान्स पेशी दात्याच्याच राहिल्या, म्हणजे त्या जागेवरच आपली प्रजा वाढवीत होत्या. मास्तपेशी, भक्षकपेशी, वृक्षाकार पेशी यांच्याही वस्त्या त्वचेत आहेत. प्रस्तुत प्रश्नात मात्र टी लसीकापेशींना अग्रस्थान आहे, आणि त्यांच्याविषयीचा निर्णायक हिशेब २००६ साली बॉस्टनच्या रेचल क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे दोन हजार कोटी टी पेशी असतात, म्हणजे संपूर्ण रक्तप्रवाहात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट. ज्याला आपण पातळ पडदा समजत होतो तो मोठा लष्करी तळ निघाला.

आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन प्रकारच्या सैन्यांतला भेद लगेच ध्यानात येईल. एक असते मुलुखभर फिरणारी फौज. दुसरी असते गडावरची शिबंदी, जिला त्या तटाची, बुरुजाची आणि पूर्वी जेथून शत्रू आला त्या वाटेची माहिती असते. १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजविले, ते बाहेरची कुमक पोहोचण्यापूर्वी आतल्या माणसांच्या बळावर. त्वचेतील निवासी पेशी या अशा शिबंदीसारख्या आहेत. उपमा येथवरच पुरे, कारण पुढे शिबंदी आपल्याच रयतेवर शस्त्र उगारते आणि तेथे इतिहास आपल्याला मदत करीत नाही.

जागेची स्मृती

रोगाची आठवण शरीरात कोठे राहते? जुना समज असा की ती रक्तात आणि लसीकाग्रंथींत राहते. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या लहानपणी रोजच्या वापरात होता त्यांच्या दंडावरचा वण मात्र वेगळी साक्ष देतो. हिंदुस्थानातील पहिली देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली, तीही त्वचा ओरखडूनच. आणि उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत असे आढळले की गोस्तनविषाणूची लस स्नायूत टोचण्यापेक्षा त्वचेवर ओरखड्याने दिली असता संरक्षण अधिक मिळते व निवासी स्मृतिपेशी साऱ्या त्वचेत पसरून राहतात. २००९ साली मेलबर्नच्या गटाने नागिणीच्या जातकुळीतील एका विषाणूने उंदरांच्या त्वचेला संसर्ग करून दाखविले की संसर्ग शमल्यावरही स्मृतिपेशी त्याच जागी मुक्काम ठोकून राहतात, रक्तात परत जात नाहीत.

माणसांतील सर्वांत सुबोध उदाहरण मला औषधी चट्ट्याचे वाटते. एखाद्याला विशिष्ट जंतुनाशक किंवा वेदनाशामक गोळीने ओठावर, हातावर काळपट चट्टा उठतो, तो महिन्याभरात विरतो, आणि वर्षांनंतर तीच गोळी चुकून पोटात गेली की काही तासांत चट्टा त्याच जागी पुन्हा पेटतो. टोकियोच्या संशोधकांनी त्या विझलेल्या चट्ट्यात वरच्या थरात दडून बसलेल्या सीडी-८ टी पेशी दाखविल्या. सोरायसिसमध्येही असेच: २००४ साली रोग्याच्या वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेचे तुकडे उंदरावर रोपण केले असता, बाहेरून नव्या पेशींची कुमक न येताही त्या तुकड्यांत सोरायसिस उमटला. २०१२ साली क्लार्क यांच्या गटाने त्वचेशी निगडित एका रक्तकर्कात रक्तातील टी पेशी नष्ट करणारे औषध देऊन पाहिले. रक्त रिकामे झाले, त्वचेतील निवासी पेशी मात्र टिकल्या, आणि त्या रुग्णांत जंतुसंसर्गाचा उपद्रव वाढला नाही. शिबंदीचे अस्तित्व आणि तिचा उपयोग, दोन्ही एकाच निरीक्षणात सिद्ध झाले.

कोडातील पुरावा

कोडाच्या बाबतीत पहिला निःसंदिग्ध दाखला २००९ साली ॲम्स्टरडॅमहून आला. डागाच्या कडेच्या त्वचेतून टी पेशी वेगळ्या काढून त्या त्याच रुग्णाच्या रंग असलेल्या त्वचेच्या तुकड्याबरोबर ठेवल्या असता त्यांनी तेथील रंजकपेशी मारून टाकल्या. गुन्हेगार कोण, हे येथे जबाबासह निश्चित झाले. २०१७ साली स्टॉकहोमच्या गटाने सीडी-४९ए ही खूण धारण करणाऱ्या निवासी पेशी कोडाच्या त्वचेत साचतात आणि मारक द्रव्ये बाळगण्यास सज्ज असतात, असे दाखविले. सोरायसिसमध्ये ज्या निवासी पेशी आघाडीवर असतात त्या बहुतांशी या खुणेविना असतात व वेगळी रसायने सोडतात. एकाच त्वचेत दोन रोगांची दोन स्वतंत्र दप्तरे राहू शकतात, ही गोष्ट मला या क्षेत्रातील सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटते. २०१८ साली बोर्दोच्या संशोधकांनी याला महत्त्वाची पुरवणी जोडली: या पेशी पसरत असलेल्या रोगात तर असतातच, पण ज्यांचे डाग स्थिर झालेले आहेत त्यांच्या त्वचेतही त्या सापडतात. म्हणजे रोग शांत आहे याचा अर्थ पहारा उठला असा नाही.

या पेशींच्या हातचे मुख्य हत्यार इंटरफेरॉन गॅमा. त्याच्या संकेताने त्वचेच्या इतर पेशी विशिष्ट आकर्षक द्रव्ये सोडतात, त्या वासावर रक्तातून आणखी टी पेशी येतात, त्या पुन्हा इंटरफेरॉन सोडतात, आणि चक्र फिरत राहते.

मतभेद कोठे आहेत

येथवर बहुतेकांची सहमती आहे. पुढे पक्ष पडतात.

पहिला पक्ष निवासी पेशींना सर्वाधिकारी मानतो. त्यांच्या मते कोड परत येण्याचे कारण जागेवरची स्मृती हेच होय. तिला जगविणारे रसायन इंटरल्युकिन-१५ असून त्याचा मार्ग अडविला तर मुळावर घाव बसेल. २०१८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये उंदरांवर हा मार्ग रोखणारे प्रतिद्रव्य थोडाच काळ दिल्यावर रंग परतला आणि औषध संपल्यावरही टिकला, हा त्यांचा मुख्य आधार. मानवी चाचण्याही हाती घेण्यात आल्या आहेत.

दुसरा पक्ष म्हणतो, शिबंदी एकटी लढत नाही. त्याच मॅसॅच्युसेट्सच्या गटाने पुढच्याच वर्षी दाखविले की रक्तातून ये-जा करणाऱ्या स्मृतिपेशींना रोखले असता, निवासी पेशी जागेवर असूनही उंदरांचे कोड मागे हटले. एकाच प्रयोगशाळेने आपल्याच आधीच्या निष्कर्षाला अशी मुरड घालावी, हे शास्त्राच्या प्रामाणिकपणाचे चांगले उदाहरण आहे. याशिवाय, निवासी म्हणून ओळखल्या गेलेल्या काही पेशी त्वचा सोडून रक्तात परत जाऊ शकतात, असे २०१९ साली मानवी अभ्यासात आढळले. त्यामुळे ‘निवासी’ या शब्दाची व्याख्याच वादात सापडली आहे. ज्या खुणांवरून पेशीला निवासी ठरवितात त्या नुकत्याच उत्तेजित झालेल्या पेशीवरही असू शकतात.

तिसऱ्या पक्षाचे लक्ष रंजकपेशीकडेच आहे. रंग तयार करण्याचे काम मुळात धोक्याचे, त्यात उपद्रवी ऑक्सिजनद्रव्ये निर्माण होतात, आणि ज्यांच्या रंजकपेशी जन्मतःच नाजूक असतात त्यांच्यात त्या स्वतःच संकटाची हाक देतात; रक्षकपेशी नंतर येतात. या मताला व्यवहारातला बळकट पुरावा रसायनजन्य कोडाने दिला. १९३९ साली अमेरिकेतील चर्मोद्योगाच्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांतील एका द्रव्याने पांढरे डाग पडले. आणि आपल्याकडे चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातील रसायनाने स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत. टिकली काढल्यावरही काही जणींत पांढरेपणा लांबच्या जागी पसरतो, तेव्हा आरंभ रसायनाने केला व पुढचे काम रक्षकपेशींनी चालविले, असाच तर्क करावा लागतो. २०१९ साली फ्रान्समधील संशोधनाने त्यात भर घातली, ती अशी की स्मृती नसलेल्या जन्मजात लसीकापेशीही इंटरफेरॉन सोडून रंजकपेशींना धक्का देतात. टी पेशी पुढच्या प्रवेशात येतात.

चौथे मत अधिक अलीकडचे. २०२२ साली चीनमधील संशोधकांनी त्वचेतील तंतुपेशी, ज्या आजवर निव्वळ मांडव उभा करणाऱ्या मानल्या जात, त्याच इंटरफेरॉनला प्रतिसाद देऊन टी पेशींना बोलावतात आणि शरीराच्या भागाभागांत त्यांची ही शक्ती कमी-अधिक असते, असे मांडले. कोड हातांच्या बोटांवर, डोळ्यांभोवती, ओठांवर वारंवार का येते, याचे उत्तर यातून मिळण्याचा संभव आहे. या साऱ्या मतांना पूरक अशी आणखी एक नोंद आहे: रक्षकपेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी कोडाच्या त्वचेत पुरेशा नसतात.

मला स्वतःला दुसरा आणि तिसरा पक्ष मिळून सत्याच्या अधिक जवळ वाटतात. पण तूर्त हे मतच आहे.

उपचारांचा जबाब

सिद्धान्ताची कसोटी उपचारात लागते. बावची आणि ऊन हा आपला जुना उपचार. बावचीतील सोरालेन हे द्रव्य पुढे आधुनिक प्रकाशचिकित्सेचा पाया झाले, इजिप्तमध्ये एल् मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात तसल्याच वनस्पतीवर काम केल्यानंतर. १९९७ पासून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा अतिनील प्रकाश प्रचारात आला. त्याने रक्षकपेशी दबतात आणि केसांच्या मुळांत राखून असलेल्या रंजकपेशींच्या बीजपेशी जाग्या होतात. म्हणूनच केस नसलेल्या तळहातांवर, बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर रंग कष्टाने येतो. डोळ्यांत प्राण आणून आरशात पाहणाऱ्याला आधी केसाभोवती रंगाचे बारीक ठिपके दिसतात, त्याचे कारण हेच.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. ते इंटरफेरॉनचा हुकूम पेशीच्या आत पोहोचू देत नाही. मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी चेहऱ्यावरील रंगात ७५ टक्के सुधारणा साधलेले रुग्ण सुमारे ३० टक्के होते. नुसते आधारमलम लावणाऱ्यांत हे प्रमाण एकदशांशाच्या आसपास. उपयोग निर्विवाद, परंतु हुकूम अडविणे म्हणजे शिबंदी हटविणे नव्हे. रंग परत आल्यावर सारे उपचार थांबविले तर सुमारे ४० टक्के रुग्णांत वर्षभरात रोग परततो. टॅक्रोलिमस मलम आठवड्यातून दोनदा लावीत राहिल्यास हे प्रमाण बरेच खाली येते, असे फ्रान्समधील एका चाचणीत २०१५ साली दिसले. घरातल्या पथ्याच्या जुन्या वादाला मी या आकड्यांनी उत्तर देईन: परतीचा रस्ता दुधामाशांतून जात नाही, तो त्वचेतच आहे.

अनिर्णित

शंका पुष्कळ उरल्या आहेत. पहिली प्राण्यांविषयी. उंदराच्या वरच्या थरात गॅमा-डेल्टा जातीच्या फांद्याळ टी पेशींचे जाळे असते, माणसात ते नसते. शिवाय सामान्य उंदराच्या रंजकपेशी केसांत असतात, म्हणून कोडाचे प्रयोग ज्यांच्या वरच्या थरात त्या मुद्दाम टिकविल्या आहेत अशा घडविलेल्या उंदरांवर होतात. एवढे अंतर असताना उंदरावर साधलेले हद्दपारीचे औषध माणसावर तसेच साधेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी शंका शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येणाऱ्या कोडाविषयी. ते वेगळ्या चालीने चालते, लवकर थांबते, आणि तेथे निवासी पेशींचा वाटा नेमका किती, हे ठरलेले नाही.

तिसरी शंका नैतिक म्हणावी इतकी गंभीर आहे. या पेशी रंजकपेशींच्या शत्रू असतील, तर रंजकपेशींच्या कर्काच्या त्या शत्रूच ठरतात. कोड असलेल्या माणसांना त्या कर्काचा धोका इतरांपेक्षा कमी असल्याचे आढळले आहे. कर्काच्या प्रतिकारशक्तिवर्धक उपचारात ज्या रुग्णांना कोड उठते त्यांचे भवितव्य पुष्कळदा बरे असते. आणि २०१७ साली उंदरांत असे दाखविण्यात आले की कोडाच्या त्वचेतील निवासी पेशी त्या कर्काला पुन्हा उगवू देत नाहीत. शिवाय याच कुळातील इतर पेशी विषाणूंपासून आपले रक्षण करीत असतात. सरसकट हद्दपारीची किंमत काय, हे म्हणूनच आधी ठरले पाहिजे. निवडून हटविण्याची युक्ती अद्याप कोणाच्या हाती नाही.

आणि चौथी, जी सावेडीच्या दवाखान्यात रोज विचारली जाते. डाग पूर्ण भरला, आता मलम किती दिवस लावायचे? आज डॉक्टर सांगतात, आठवड्यातून दोनदा, निदान काही महिने, आणि पुढे पाहू. त्वचेचा बारीकसा तुकडा तपासून अमुक माणसाच्या जागेवरचा पहारा उठला आहे व तमुकाचा अजून कायम आहे, असे सांगणारी चाचणी नित्य व्यवहारात आलेली नाही. ती येईपर्यंत भरलेल्या, सर्वांना निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर मलमाचा पातळ हात फिरविणे चालूच ठेवावे लागणार आहे.